पट्ट्यांची लांबी सारखी नसते: कक्षाचं घनफळ आणि रेशो एस्टिमेटर

जंगलातला कक्ष, म्हणजे नियोजनासाठी आखलेला जंगलाचा तुकडा, कधीच चौकोनी नसतो. एका बाजूला नाला, दुसरीकडे टेकडीचा माथा, तिसरीकडे गावाची शेतं. अशा कक्षात दर २०० मीटरवर २० मीटर रुंदीचे पट्टे टाकले की मधले पट्टे ८०० मीटरचे होतात आणि कडेचे ३०० मीटरवर संपतात. प्रत्येक पट्ट्यातली झाडं मोजली, घनफळ तक्त्यावरून घनमीटर काढले. आता कक्षातल्या लाकडाचं एकूण घनफळ किती?

इथे तीन वेगवेगळी उत्तरं निघतात, आणि कार्य आयोजनेच्या (वनविभागाच्या दहा वर्षांच्या आराखड्याच्या) कामात ती तिन्ही वापरलेली दिसतात. त्यातलं बरोबर कोणतं आणि का, हे एका उदाहरणातून पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण पूर्व विदर्भातल्या सागाच्या मिश्र जंगलात अशी आकडेमोड अगदी नेहमीची आहे.

कक्षाचं नकाशावरचं क्षेत्र ९६ हेक्टर. नाल्याच्या कडेने १६०० मीटरची बेसलाइन, म्हणजे पट्टे जिथून सुरू होतात ती रेषा. तिच्यावर २० मीटर रुंदीचे एकूण ८० पट्टे बसतात. पहिल्या दहांतला एक चिठ्ठी टाकून निवडायचा आणि तिथून दर दहावा घ्यायचा, म्हणजे ८ पट्टे हाती येतात. पट्टे नाल्याकडून माथ्याकडे जातील असेच टाकायचे. नाल्याकाठची खोल माती आणि माथ्यावरचा मुरूम यांत झाडोऱ्याचा जो फरक असतो, तो प्रत्येक पट्ट्यात यायला हवा. नाल्याला समांतर पट्टे टाकले तर एक पट्टा सगळा भरगच्च आणि दुसरा सगळा विरळ येतो. मग पुढचं कोणतंही गणित ते सावरू शकत नाही.

आठ पट्ट्यांचं क्षेत्र आणि घनफळ असं आलं:

पट्टा १: ०.६२ हेक्टर, ३१ घनमीटर
पट्टा २: ०.९० हेक्टर, ५८ घनमीटर
पट्टा ३: १.२४ हेक्टर, ७९ घनमीटर
पट्टा ४: १.५६ हेक्टर, ८८ घनमीटर
पट्टा ५: १.६८ हेक्टर, १०९ घनमीटर
पट्टा ६: १.५८ हेक्टर, ९० घनमीटर
पट्टा ७: १.१२ हेक्टर, ७० घनमीटर
पट्टा ८: ०.७० हेक्टर, ३६ घनमीटर

बेरीज ९.४० हेक्टर आणि ५६१ घनमीटर. क्षेत्राला क्ष म्हणू आणि घनफळाला घ.

पहिलं उत्तर: पट्ट्यामागे सरासरी ७०.१२५ घनमीटर, पट्टे ८०, म्हणून एकूण ५६१० घनमीटर. यात चूक काही नाही. पण पट्टा लांब की आखूड, ही हातात असलेली माहिती आपण फेकून दिली. पट्ट्यांच्या घनफळातला बहुतेक फरक लांबीमुळेच आहे, आणि तो सगळा आता त्रुटीच्या खात्यात जमा होतो. हिशोब केला तर घनफळाचं विचरण (सरासरीभोवतीच्या फैलावाचं माप) ७३५.३ येतं. एकूण आकड्याची स्टँडर्ड एरर (नमुन्यामुळे होऊ शकणाऱ्या चुकीचं माप) ७२८ घनमीटर, म्हणजे १३ टक्के.

दुसरं उत्तर: प्रत्येक पट्ट्याचं हेक्टरी घनफळ काढायचं (५०.०, ६४.४, ६३.७, ५६.४, ६४.९, ५७.०, ६२.५, ५१.४) आणि एक्सेलमध्ये त्या कॉलमला ॲव्हरेज लावायचं. ५८.७९ येतात. गुणिले ९६, म्हणजे ५६४४ घनमीटर. ही रीत सगळ्यात जास्त चालते, आणि याच रीतीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण ती दिसायला निर्दोष आहे. ०.६२ हेक्टरच्या पट्ट्याला आणि १.६८ हेक्टरच्या पट्ट्याला इथे सारखंच वजन मिळतं. आखूड पट्टे कुठे असतात? कक्षाच्या टोकांना. तिथेच गुरांची ये-जा, तिथेच सरपणासाठी तोड, तिथेच पातळ माती. वर पाहा, पहिला आणि आठवा पट्टा हेक्टरी ५०-५१ वरच अडकले आहेत. टोकाची विरळ झाडी कक्षाच्या थोड्याच भागात आहे, पण सरासरीत तिचा आवाज मोठा होतो. पट्टे वाढवले तरी ही चूक कमी होत नाही, कारण ती नमुन्याच्या आकारातून येत नाही, वजन चुकीचं दिल्यामुळे येते.

तिसरं उत्तर: सगळ्या घ ची बेरीज भागिले सगळ्या क्ष ची बेरीज. ५६१ भागिले ९.४० म्हणजे हेक्टरी ५९.६८ घनमीटर. गुणिले ९६, म्हणजे ५७२९ घनमीटर. हा रेशो एस्टिमेटर. आधी बेरजा, मग भागाकार, एवढाच क्रम लक्षात ठेवायचा. दुसऱ्या रीतीशी फरक ८५ घनमीटरचा पडला, तोही टोकांकडची झाडी फारशी विरळ नसताना.

खरा फायदा मात्र त्रुटीत दिसतो. प्रत्येक पट्ट्यासाठी घ वजा (५९.६८ गुणिले क्ष) असा शिल्लक फरक काढा. पहिल्या पट्ट्यात −६.००, मग ४.२९, ५.००, −५.१०, ८.७४, −४.३०, ३.१६ आणि −५.७८. यांची बेरीज शून्य यायलाच हवी. आली नाही तर कुठेतरी आकडा चुकीचा चढला आहे, तिथेच थांबून शोधा. वर्गांची बेरीज २४३.५, भागिले ७, म्हणजे ३४.८. मघाच्या ७३५.३ च्या जागी आता ३४.८. एकूण आकड्याचं विचरण काढायला त्याला ८० च्या वर्गाने गुणायचं, मग ०.९ ने (एक दशांश कक्ष आपण मोजलाच आहे, म्हणून), आणि ८ ने भागायचं. वर्गमूळ १५८ घनमीटर येतं, म्हणजे २.८ टक्के. सात स्वातंत्र्यमात्रांसाठी (पट्टे आठ, वजा एक) टी तक्त्यातला आकडा २.३६५, म्हणून ९५ टक्के विश्वासाची मर्यादा अधिक-उणे ३७४ घनमीटर.

पहिल्या रीतीने इतकीच अचूकता गाठायची तर ८० पैकी ५६ पट्टे मोजावे लागले असते. मजुरी, दिवस, पावसाळ्याआधी काम उरकण्याची घाई, सगळं मिळून विचार केला तर हा फरक नुसता कागदावरचा नाही.

कल्पना जुनी आहे. फ्रेंच गणिती लाप्लासने १८०२ मध्ये फ्रान्सची लोकसंख्या अशीच काढली. जन्मनोंदी साऱ्या देशाच्या होत्या, माणसांची भरवशाची मोजणी मात्र नव्हती. निवडक कम्यूनमध्ये (तिथल्या गाव-शहरांच्या स्थानिक एककांत) माणसं मोजली, वर्षाच्या जन्मांनी भागली, २८.३५ हे गुणोत्तर आलं आणि त्याने देशातले एकूण जन्म गुणले. आपल्याकडे जन्मांच्या जागी हेक्टर आहेत, एवढंच.

आता हे केव्हा चालतं आणि केव्हा नाही. सगळ्यात आधी ग्राफ काढा. आडव्या अक्षावर क्ष, उभ्यावर घ. ठिपक्यांमधून जाणारी रेघ शून्यातून निघाली पाहिजे. क्षेत्र शून्य तर घनफळ शून्य, हे पट्ट्यांच्या बाबतीत आपोआप खरं आहे, म्हणून पट्टे ही या रीतीची हक्काची जागा. वरच्या उदाहरणात सरळ रेघ बसवली तर ती उभ्या अक्षाला −५.७ वर छेदते, शून्याच्या पुरेशी जवळ. पण क्ष म्हणून क्षेत्राऐवजी दुसरं काही घेतलं, समजा उपग्रह प्रतिमेवरचं छत्राच्छादन (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन), तर शून्य आच्छादनालाही काही घनफळ उरू शकतं, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये साग निष्पर्ण असताना घेतलेल्या प्रतिमेत. तिथे रेशो सोडून रिग्रेशन, म्हणजे शून्यातून जाण्याची सक्ती नसलेली सरळ रेघ, वापरावं.

दुसरी अट सहसंबंधाची, म्हणजे क्ष आणि घ किती बरोबरीने बदलतात याची. क्ष चा चलनगुणांक (सरासरीच्या तुलनेत फैलाव किती ते) भागिले घ च्या चलनगुणांकाची दुप्पट, यापेक्षा सहसंबंध जास्त असेल तरच रेशो फायद्याचा. आपल्याकडे तो उंबरठा ०.४५ आहे आणि सहसंबंध ०.९८. सगळे पट्टे जवळपास एकाच लांबीचे असतील तर मात्र रेशोने फारसं काही हाती लागत नाही. नुकसानही होत नाही.

रेशोत थोडा बायस, म्हणजे एकाच बाजूला झुकणारी चूक, असतो, हे ऐकून काहीजण बिचकतात. तो बायस स्टँडर्ड एररच्या किती पट असू शकतो याला मर्यादा आहे: क्ष च्या सरासरीचा चलनगुणांक, तेवढाच. इथे तो ११.७ टक्के येतो. म्हणजे बायस फार तर १५८ च्या ११.७ टक्के, साधारण १९ घनमीटर. पाच हजार सातशेत एकोणीस. तेवढंही नको असेल तर त्यावर उपाय आहे. नमुना त्याच्या क्ष-बेरजेच्या प्रमाणात निवडला तर हाच रेशो पूर्ण निष्पक्ष होतो, हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ डी. बी. लाहिरी यांनी १९५१ मध्ये दाखवलं. करायला सोपी रीत अशी: क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये कक्षाच्या सीमेवर ८० पट्टे कापून सगळ्यांच्या लांब्या काढा, पहिला पट्टा लांबीच्या प्रमाणात निवडा, उरलेले सात साध्या चिठ्ठीने.

ठरावीक अंतराचे पट्टे यादृच्छिक धरून वरचं सूत्र लावतो, ही एक सवलत आपण घेतो आहोत. बहुतेक वेळा तिच्यामुळे त्रुटी थोडी जास्तच दिसते, ते चालेल. पण पट्ट्याचे ५०-५० मीटरचे तुकडे करून, ४७०० मीटरचे ९४ नमुने झाले असं दाखवून त्रुटी काढणं अजिबात चालणार नाही. चिठ्ठी पट्ट्याची निघाली, तुकड्याची नाही. एका पट्ट्यातले तुकडे एकमेकांचे शेजारी, आणि एक पट्टा आला म्हणजे ते सगळे आले. नमुने आठच. कार्य आयोजनेत हा आकडा फुगवला की पुढची दहा वर्षं खोट्या अचूकतेवर तोडीचं नियोजन होतं.

आता ज्यावर सगळ्यात जास्त बोलायला हवं ते. स्टँडर्ड एररमध्ये दिसत नाही असं नुकसान प्रत्यक्ष मोजणीत, म्हणजे पट्ट्यावर होतं, आणि रेशोत ते सरळ गुणाकारात शिरतं.

उतार. ९६ हेक्टर हे नकाशावरचं, म्हणजे आडवं क्षेत्र. पट्टे नाल्याकडून माथ्याकडे जातात, म्हणजे चढावर. टेप जमिनीलगत धरून लांबी मोजली तर ती उताराची लांबी. ३० टक्के उतारावर १०० मीटर आडवं जायला टेपवर १०४.४ मीटर चालावं लागतं. ५० टक्क्यांवर १११.८. लांबी न सुधारता लिहिली की क्ष फुगतो, रेशो खाली येतो. संपूर्ण कक्ष ३० टक्के उताराचा असेल तर ५७२९ मधले साधारण २४० घनमीटर गायब, आपल्या १५८ च्या स्टँडर्ड एररपेक्षा जास्त. म्हणून दर २० किंवा २५ मीटरच्या टप्प्याला क्लिनोमीटरने उतार टक्क्यांत वाचायचा, फील्ड बुकात त्यासाठी वेगळा रकाना ठेवायचा आणि सुधारणा तिथल्या तिथे करायची. पट्टा संपल्यावर सरासरी उतार अंदाजाने लिहिण्यात अर्थ नाही.

रुंदी. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १० मीटर. दोघे मजूर बाजूने चालतात आणि कडेचं झाड आत की बाहेर ते नजरेने ठरवतात. मोठा साग कडेवर उभा असला की हात आपोआप त्याला आत घेतो. पट्टा २० चा २१ मीटर झाला तर घ ५ टक्के वाढतो, क्ष तेवढाच राहतो. २८० हून जास्त घनमीटर हवेतून आले. ९ ते ११ मीटरमधल्या प्रत्येक झाडाला टेप लावा, आणि खोडाचा मध्य १.३७ मीटर उंचीवर कुठे आहे त्यावर निर्णय घ्या. बुंध्यावर किंवा फांद्यांवर नाही. मोजणारा आधीच त्या उंचीवर घेर घेतोय, खुणेची काठी हातातच असते, त्यामुळे वेळ फारसा जात नाही. हे काम मजुरांवर सोडून देऊ नये, वनरक्षकाने स्वतः टेपचं एक टोक धरावं.

रिकाम्या जागा. पट्ट्यात खडक आला, जुनं अतिक्रमण आलं, नाल्याचं पात्र आलं, तर पट्ट्याची लांबी त्यातून कापायची की नाही? उत्तर ९६ मध्ये ती जागा धरली आहे का यावर अवलंबून. धरली असेल तर पट्ट्यातही धरा, घनफळ शून्य लिहा. वगळायची असेल तर दोन्हीकडून वगळा. एकीकडून वगळून दुसरीकडे ठेवण्याची चूक फार होते, कारण पट्टे एक माणूस मोजतो आणि कक्षाचं क्षेत्र दुसराच माणूस वेगळ्या नोंदीतून उचलतो. शून्य घनफळाचा पट्टा आला तरी तो टाकून देऊ नका. बेरजांच्या भागाकारात त्याला त्याची जागा बरोबर मिळते.

पट्टे नसून ठरावीक आकाराचे प्लॉट असतील तरी हीच गोष्ट कडेवर येते. भारतीय वन सर्वेक्षणाने वर्षानुवर्षं वापरलेला ०.१ हेक्टरचा चौरस घ्या: बाजू ३१.६२ मीटर, मध्यापासून कोपरा २२.३६ मीटर. तो सीमेवर पडला, अर्धाच आत आला. सोयीसाठी तो आत सरकवला तर कडेची झाडं नमुन्यात कमी येतात. त्यापेक्षा आतलं क्षेत्र मोजा, क्ष म्हणून ०.१ ऐवजी समजा ०.०५५ लिहा आणि तसाच रेशो काढा.

कक्षात दाट आणि विरळ असे दोन थर, म्हणजे वेगवेगळे भाग, असतील तर प्रत्येकाचा वेगळा रेशो काढायचा मोह होतो. प्रत्येक थरात तीन-चारच पट्टे असतील तर तसं करू नका. छोट्या नमुन्यातला बायस प्रत्येक थरात वेगळा साठतो आणि बेरजेत तसाच उतरतो. दोन्ही थरांची एकूण घ आणि एकूण क्ष आधी अंदाजून एकच एकत्रित रेशो घ्या. पट्टे भरपूर असतील आणि दोन थरांची हेक्टरी पातळी खरोखर वेगळी असेल तर वेगळे रेशो योग्य.

रेशोचा दुसरा मोठा उपयोग नजर-अंदाजाला शिस्त लावण्याचा आहे. जुन्या वनपालाची नजर पक्की असते, पण ती नेहमी एका बाजूला झुकलेली असते. त्या झुकावाचंच माप रेशो देतो. समजा ०.१ हेक्टरचे ६० प्लॉट नजरेने अंदाजले, सरासरी ६.० घनमीटर. त्यांतले १५ चिठ्ठीने निवडून झाडन् झाड मोजले. त्या पंधरांत नजरेची सरासरी ६.४ आणि मोजलेली ७.०४. रेशो १.१०. म्हणून खरी सरासरी ६.० गुणिले १.१०, म्हणजे ६.६ घनमीटर, हेक्टरी ६६. नुसते मोजलेले १५ धरले असते तर हेक्टरी ७०.४ लिहिले असते, कारण चिठ्ठीत योगायोगाने जरा भरलेले प्लॉट आले.

त्रुटीचे इथे दोन हिस्से. मोजलेल्या घनफळाचं विचरण ६.२५ आणि रेशोनंतर उरलेलं विचरण १.० धरा. पहिला हिस्सा ६.२५ भागिले ६०, म्हणजे ०.१०४. दुसरा १.० गुणिले (१/१५ वजा १/६०), म्हणजे ०.०५. दोन्ही मिळून ०.१५४, स्टँडर्ड एरर ०.३९, म्हणजे ६ टक्के. बारकाईने पाहा, दोन तृतीयांश त्रुटी नजरेच्या प्लॉटची संख्या कमी असल्यामुळे आहे. म्हणजे पैसे उरले असतील तर आणखी प्लॉट मोजण्यापेक्षा आणखी प्लॉट नजरेखालून घालणं शहाणपणाचं.

अटी तीन, आणि त्या मोडल्या की सगळं वाया. अंदाज मोजणीच्या आधी लिहिला गेला पाहिजे. सगळे अंदाज एकाच माणसाचे हवेत. माणसं दोन असतील तर रेशो दोन. आणि मोजायचे प्लॉट रस्त्यालगतचे म्हणून निवडायचे नाहीत. आणखी एक गोष्ट सहज घडते: रोज संध्याकाळी मोजणीचे आकडे अंदाज करणाऱ्याला कळतात आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःला सुधारून घेतो. नजर सुधारते, पण रेशो बिघडतो, कारण पहिल्या दिवसाचा झुकाव आणि पाचव्या दिवसाचा झुकाव एकाच आकड्यात कोंबला जातो. साठही अंदाज पुरे होईपर्यंत मोजणीचे कागद दाखवू नका.

गुणोत्तरांची सरासरी कुठेच चालत नाही असंही नाही. बिटरलिखने १९४८ मध्ये मांडलेल्या कोनमापी पद्धतीत, म्हणजे रेलास्कोपने, जाड झाड निवडलं जाण्याची शक्यता त्याच्या पायाक्षेत्राच्या (छातीच्या उंचीवर खोडाच्या आडव्या छेदाच्या क्षेत्राच्या) प्रमाणात असते. निवडीतच वजन दिलेलं आहे. म्हणून तिथे प्रत्येक निवडलेल्या झाडाचं घनफळ भागिले पायाक्षेत्र काढून त्यांची साधी सरासरी घेणंच बरोबर. वजन निवडीत दिलं की भागाकार आधी, नाही दिलं की बेरीज आधी.

नोंदीत काय ठेवायचं तेही सांगतो. नुसता ५९.६८ लिहून फाइल बंद करू नका, आणि तो शेजारच्या कक्षाला तर मुळीच लावू नका. पट्ट्यांची संख्या आणि पाच बेरजा लिहा: क्ष ची (९.४०), घ ची (५६१), क्ष च्या वर्गांची (१२.२२८८), घ च्या वर्गांची (४४४८७) आणि क्ष गुणिले घ ची (७३५.५८). घ-वर्ग, वजा रेशोच्या दुप्पट गुणिले क्षघ, अधिक रेशोचा वर्ग गुणिले क्ष-वर्ग, की पुन्हा तेच २४३.५ येतात. पट्ट्यांचे कागद वाळवीने खाल्ले तरी दहा वर्षांनी येणारा माणूस रेशोही तपासू शकेल आणि त्रुटीही. फक्त या बेरजा गोल करू नका. मोठ्या आकड्यांतून मोठा आकडा वजा होऊन लहान आकडा उरतोय: क्ष-वर्ग १२.२२८८ ऐवजी १२.२ लिहिलं, तर २४३.५ चे १४१ होतात.